बदलीची ऑर्डर, भाड्याची खोली आणि आपली चळवळ

पदोन्नतीतील आरक्षणाच्या आंदोलनात फलक धरून उभा राहणारा आपला एक कार्यकर्ता. ७ मे २०२१ चा शासन निर्णय निघाला तेव्हा तहसीलदारापासून कलेक्टरपर्यंत निवेदनं देत फिरला. पुढे त्याच्याच बायकोला पदोन्नतीची ऑर्डर आली. ठिकाण घरापासून दोनशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तो पदोन्नती नाकारण्याचा अर्ज टाइप करूनच. बायकोने फक्त सही करायची होती.

तो अर्ज आज आमच्या खोलीत आहे. सही झालेली नाही.

आम्ही म्हणजे तिघी. एक नागपूरची, अधिपरिचारिका होती, आता परिसेविका आहे. गावात तिला सगळे सिस्टरच म्हणतात, आम्हीही. दुसरी जिल्हा परिषदेची शिक्षिका, याच जिल्ह्याच्या सपाटीवरच्या तालुक्यातली. तिसरी लातूरकडची, बँकेत क्लार्कची अधिकारी झालेली. तिघी बौद्ध. तिघींच्या घराण्यात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी पहिली बाई आम्हीच. घाटापलीकडच्या एका तालुक्याच्या गावी दोन खोल्या भाड्याने घेऊन एकत्र राहतो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. ते सांगितलं की लोक म्हणतात, 'तिकडे तसंच आहे हो', आणि आपल्या गावाला मोकळं सोडतात.

हे लिहायचं कारण असं. मागे आमच्यातल्या एकीच्या ऑफिसात 'ताणतणाव व्यवस्थापन' नावाचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. प्रशिक्षक बाहेरून आलेले. ते म्हणाले, महिला भावनाप्रधान असतात, बदल लवकर स्वीकारत नाहीत, म्हणून बदली झाली की त्यांना ताण येतो. उपाय काय, तर दीर्घ श्वसन, सकाळी चालणं आणि रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहिणं. श्वास घ्यायला आमची ना नाही. पण कितीही खोल श्वास घेतला तरी खोली भाड्याने मिळत नाही, हे त्या माणसाला कुणी सांगायचं?

तर आधी खोलीचंच सांगतो.

बँकवाली सगळ्यात आधी आली. तिने आठ दिवसांत नऊ घरं पाहिली. पद्धत सगळीकडे एकच. पहिला प्रश्न, कुठे नोकरी? बँकेत म्हटलं की चेहरा खुलतो, चहा येतो. दुसरा प्रश्न, एकट्याच का? तिथे चेहरा थोडा उतरतो, तरी चहा चालू असतो. तिसरा प्रश्न, आडनाव काय म्हणालात? आणि आडनावावरून कळलं नाही तर चौथा, 'जेवण व्हेज ना?' 'जात कोणती' असं कुणी विचारत नाही. नाहीही कुणी म्हणत नाही. 'मुलगा दिवाळीला येतोय, त्यालाच लागेल खोली', 'रंगकाम काढायचंय', 'मिसेसना विचारून फोन करतो' असं म्हणतात. फोन येत नाही. एका घरी सगळं ठरलं, ॲडव्हान्सही दिला. सामान उतरवताना पुठ्ठ्याच्या खोक्यातून बाबासाहेबांचा फोटो वर दिसला आणि संध्याकाळी ॲडव्हान्स परत आला. पूर्ण परत आला, एक रुपया कापला नाही. घरमालक प्रामाणिक होते.

सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला गेले तेव्हाही हाच प्रश्न होता. कोलंबियातून शिकून आलेला माणूस, संस्थानात नोकरी पक्की, आणि राहायला जागा नाही. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्याच दिवशी जागा सोडायला लावली. गावात दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राची अडचण अशी की तुम्हाला घरात घेतलं तर नोकर सोडून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोवर ढकललं. बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. आपण हा प्रसंग भाषणात सांगतो, डोळ्यांत पाणी आणतो. पण हा प्रसंग नेमका कशाचा आहे? नोकरीसाठी गाव सोडलेल्या माणसाला जागा न मिळण्याचा आहे. तो आजही दर जूनमध्ये आपल्या पोरींच्या वाट्याला येतो, आणि त्याला आपण 'ॲडजस्टमेंट प्रॉब्लेम' म्हणतो.

कायदा नाही असं नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५, कलम ४. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कुठल्याही वस्तीत, गावात राहायची जागा घेण्यापासून, तिथे राहण्यापासून अडवलं तर तो गुन्हा आहे. पण 'मुलगा दिवाळीला येतोय' हे वाक्य कुठल्या कलमात बसवणार? आणि नव्या गावात, नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, एकटी पोरगी पोलीस ठाण्याची पायरी चढेल की आधी झोपायची सोय करेल?

शेवटी जागा मिळाली ती आपल्याच वस्तीत. एक निवृत्त अंगणवाडी सेविका आहेत, आम्ही त्यांना काकू म्हणतो. त्यांनी मागच्या दोन खोल्या दिल्या. वस्ती म्हणजे माया, आणि वस्ती म्हणजे चौकशी, हे दोन्ही सांगायला हवं. पहिल्या महिन्यात कुणी भाजी आणून दिली, कुणी गॅसची टाकी मिळवून दिली. त्याच महिन्यात विहिरीपासून विहारापर्यंत एकच प्रश्न, 'लेकरं कुणापाशी ठेवली, बाई?' शिक्षिकेला हा प्रश्न रोज. तिच्या नवऱ्याला तिकडे कुणीही विचारत नाही की तुझी लेकरं कुणापाशी असतात, आणि लेकरं तर त्याच्याच घरात आहेत.

शिक्षिकेची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यासारख्या हजारो आहेत आणि बाहेरच्यांना ती यंत्रणा ठाऊक नसते. शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्यांचं धोरण २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने बदललं आणि बदल्या ऑनलाइन झाल्या. पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर चालणारा कारभार संगणकावर आला. हे आम्हाला मान्यच आहे. चिठ्ठी मिळवण्याइतकी ओळख आपल्याकडे कधीच नव्हती, यादी आणि नियम हीच आपली ओळख. पण नियम कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेत तेही बघावं लागतं. त्यात 'पती-पत्नी एकत्रीकरण' आहे. नवरा-बायकोच्या शाळा किंवा कार्यालयं एकमेकांपासून तीस किलोमीटरच्या आत असावीत अशी ती सोय. मात्र जोडीदार सरकारी, निमसरकारी किंवा अनुदानित संस्थेत हवा. आमच्या शिक्षिकेचा नवरा एमआयडीसीत कंत्राटावर आहे. आपल्या किती घरांत दोन सरकारी पगार येतात? ज्यांच्या घरात दोन, ते एकत्र राहणार. ज्यांच्या घरात एक, तेही कालपरवा आरक्षणाने आलेला, ते फुटणार. नियमात जातीचा शब्द नाही, पण फटका कुणाला बसतो ते मोजून बघा.

सेवाज्येष्ठ शिक्षकाने तिची शाळा मागितली. याला शिक्षकांच्या भाषेत 'खो बसणं' म्हणतात. तिने भरलेल्या पसंतीच्या शाळा वरच्यावर संपल्या. मग विस्थापितांच्या यादीत नाव, आणि शेवटी उरलेल्या शाळांतली एक. रात्री साडेअकराला नवऱ्याच्या मोबाइलवर ऑर्डर उघडली. गाव तिने ऐकलेलंही नव्हतं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. दोघांना घेऊन जावं तर शाळेच्या गावात राहायला जागा नाही आणि दुपारनंतर मुलगा कुणाजवळ राहणार? दोघांना ठेवून जावं तर सासूचे गुडघे गेलेले. मुलीला घेऊन जावं, मुलाला ठेवावं असंही एक रात्र ठरलं होतं. सकाळी मुलगी म्हणाली, 'मग मला पण नको नेऊ, नाही तर तो रडेल.' त्यापुढचं इथे लिहित नाही.

आता ती सोमवारी पहाटे घरून निघते आणि शुक्रवारी रात्री घरी पोचते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. त्या योजनेला कुणी काहीही म्हणो, आमच्यासाठी महिन्यात दोन जास्तीच्या फेऱ्या म्हणजे ती योजना. त्याआधी इथे राहून गेलेल्या बायका पंधरवड्याने, कधी महिन्याने घरी जायच्या. मुख्यालयी राहण्याचा तिचा वेगळाच पेच आहे. घरभाडे भत्ता हवा तर शाळेच्या गावातच राहते असा ग्रामसभेचा ठराव द्यायचा. ज्या गावाने तिला खोली दिली नाही, त्याच गावाकडून 'या बाई इथेच राहतात' असा ठराव आणायचा! आम्ही यावर पोट धरून हसलो होतो. असं हसल्याचा ताण कमी होण्यास उपयोग होतो, हे त्या प्रशिक्षकांच्या वहीत लिहायला हरकत नाही.

तर ताण म्हणजे हे सगळं. त्यात भावनाप्रधान काय आहे? दोन घरांची भाडी, दोन गॅस, प्रवास, आणि पगार एकच. रात्री व्हिडिओ कॉलवर पाढे म्हणून घेणं, आणि मुलगा दोन दिवस फोनवरच आला नाही तर वर्गात दुसऱ्यांच्या मुलांना हसून 'गुड मॉर्निंग' म्हणणं. बँकवालीला वसुलीसाठी संध्याकाळी गावोगाव जावं लागतं. शाखेत बाई ती एकटीच. घरून रोज एका स्थळाचा फोटो येतो. मुलाकडच्यांना नोकरीवाली मुलगी हवीच असते, फक्त बदली नको असते. 'लग्नानंतर क्लार्कमध्ये परत जाता येतं ना?' असं एका उच्चशिक्षित, आपल्याच समाजातल्या, खिशाला निळा पेन लावलेल्या मुलाने तिला विचारलं. सार्वजनिक बँकांना ८ ऑगस्ट २०१४ रोजी केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने कळवलं आहे की विवाहित महिलेला शक्यतो पतीच्या गावी आणि अविवाहितेला आई-वडिलांच्या गावी किंवा जवळपास ठेवावं. तिने ते पत्र अर्जाला जोडलं. उत्तर आलं, प्रशासकीय गरज. 'शक्यतो' हा शब्द ज्याने सरकारी भाषेत आणला त्याला मानलं पाहिजे.

आणि हे सगळं शरीरात उतरतं. सिस्टरने एका रविवारी सहज म्हणून आमचे बीपी मोजले. शिक्षिकेचा १५० वर ९६ निघाला, वय छत्तीस. बँकवालीची पाळी तीन महिने लांबली होती आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सिस्टरला विचारलं, तुमचा? तर म्हणाल्या, मला माहितीये माझा. नंतर कळलं, त्यांना चार महिने झोपेची गोळी चालू होती. रोज दुसऱ्यांना औषध देणारी बाई स्वतःची गोळी डब्याच्या पिशवीत लपवून आणत होती. कारण गावात कळलं तर 'डोक्याची गोळी घेते' असं होणार, आणि घरी कळलं तर 'बघ, मी म्हणत होतो ना' असं होणार.

'बघ, मी म्हणत होतो ना.' या वाक्याची जेवढी भीती आम्हाला वाटते तेवढी घाटातल्या रात्रीच्या बसची वाटत नाही. म्हणून आजार लपतो, रडणं लपतं, साहेबाचा जाच लपतो. बदली झालेली बाई घरी फोनवर नेहमी 'सगळं छान आहे' म्हणते. ते खरं मानू नका.

मग आम्ही निभावतो कसं? फार मोठं काही करत नाही. स्वयंपाकाच्या पाळ्या आहेत, आणि पाळी चुकली तर उपमा, तक्रार करायची नाही. रात्री नऊ ते साडेनऊ शिक्षिकेच्या फोनची वेळ, तेव्हा आतली खोली तिची, आम्ही दोघी बाहेर. खर्चाची वही एक. कुणाचा दिवस वाईट गेला तर तिने तसं सरळ सांगायचं, 'आज बोलू नका' एवढंच. बाकीच्यांनी विचारायचं नाही. हे नियम भांडून ठरलेत; पहिले दोन महिने आम्ही मिठावरूनसुद्धा भांडलो. सिस्टरने शेवटी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञाला दाखवलं, आम्ही दोघी रजा टाकून बरोबर गेलो. गोळी बदलली, लपवणं थांबलं. ज्यांना तिथवर जाणं होत नाही त्यांच्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. दोन आठवडे नीट झोप नसेल, जीव घाबरत असेल, मरणाचे विचार येत असतील तर तो लावावा. मन आजारी पडतं हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला हवं का? बुद्धाने तर दुःखापासूनच सुरुवात केली, आणि कारणही शोधायला सांगितलं.

आणि तिसरं म्हणजे कागद. आमच्या कपाटात एक फाइल आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा २००५ चा कायदा त्यात आहे. सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा, बदल्या एप्रिल-मे मध्ये, आणि मध्येच करायची तर कारणं लेखी आणि वरच्या सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमान्यता. तोंडी 'वरून आदेश आहे' याला या कायद्यात जागा नाही. सिस्टर राज्य सरकारच्या, त्यांना मॅट आहे. शिक्षिकेला मॅट नाही, तिचा रस्ता वेगळा. हा फरकही कित्येकींना माहीत नसतो आणि वकिलाच्या फीमध्ये कळतो. सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२० चा निकालही फाइलमध्ये आहे. बँकेतल्या एका वरिष्ठ महिला अधिकाऱ्याने शाखेतले गैरव्यवहार वर कळवले, वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली, आणि तिची इंदूरहून जबलपूर जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत बदली झाली. तिच्या पदाची ती शाखाच नव्हती. न्यायालयाने ही बदली तिला त्रास देण्यासाठी केल्याचं मानलं, तिला इंदूरला परत आणलं आणि बँकेला पन्नास हजारांचा खर्च भरायला लावला. बदली हे शिक्षेचं हत्यार कसं होतं ते बघायला हा एक निकाल पुरे. मार्च २०२२ च्या दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने म्हटलं की बदलीचं धोरण आखताना कर्मचाऱ्याच्या कौटुंबिक जीवनाचा विचार सरकारला करावा लागेल. बदली हा हक्क नाही हे खरं. पण कुटुंब म्हणजे ऑफिसच्या दाराबाहेर ठेवायची चप्पल नाही.

इथे आमच्यातच एक वाद आहे, तो लपवत नाही. बँकवाली म्हणते, महिलांना बदलीतून सरळ सूट मागावी. सिस्टरचा याला कडाडून विरोध. त्या म्हणतात, सूट मिळाली की पदही जाईल. बाई बाहेर जात नाही, मग तिला वॉर्डाची जबाबदारी कशाला, शाखा कशाला, मुख्याध्यापकपद कशाला? आणि शिक्षिकेचं म्हणणं तिसरंच. तिच्या शाळेत चाळीस आदिवासी मुलं आहेत. शासनाच्या कागदावर ते 'अवघड क्षेत्र' आहे, मुलांसाठी ते घर आहे. सगळ्यांनीच तिथून सुटायचं ठरवलं तर त्या मुलांना शिकवायचं कुणी? आपण शिकलो ते कुणीतरी आपल्या वस्तीच्या शाळेत आलं म्हणून. हे ती रविवारी रात्री रडत बॅग भरताना म्हणत नाही, बुधवारी म्हणते. पण म्हणते. म्हणून आम्ही तिघी एवढ्यावर एकत्र आलो आहोत: सूट नको, मुदत हवी. किती वर्षं ते आधी कळू द्या, आणि ती संपली की न मागता परत आणा. राहायला सरकारी निवासस्थान द्या, जातीवरून नाकारता येणार नाही असं. नोकरदार महिलांच्या वसतिगृहाची केंद्राची 'सखी निवास' योजना आहे, ती आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात आणा. आणि खासगी नोकरीतला, कंत्राटावरचा नवरासुद्धा नवराच असतो हे एकत्रीकरणाच्या नियमात लिहा.

कुणी म्हणेल, हे बायकांचे घरगुती प्रश्न, यात चळवळ कुठे आली? १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेबांनी त्याची बाजू घेतली. बाळंतपण हा बाईचा खासगी मामला आहे असं त्यांनी म्हटलं नाही. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या आजच्या संघटना किती आहेत, त्यांच्या ठरावांची यादी काढून बघा. अनुशेष आहे, बिंदुनामावली आहे, जात पडताळणी आहे. सगळं हवंच. पण बदली झालेल्या बहिणीला नव्या गावात खोली मिळवून देणारी समिती कुठे आहे? उच्चवर्णीय बाईची बदली झाली तर तिच्या मावशीचे दीर तिथे आधीपासून डॉक्टर असतात. आपली पहिली पिढी, आपली मावशी उसाच्या फडात. तिच्या दिराच्या जागी संघटनाच असायला पाहिजे. इथल्या विहाराच्या मंडळाला आम्ही हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि बुद्ध पौर्णिमेच्या खिरीची जबाबदारी आमच्याकडे दिली.

आम्ही खीर केली. पण पुढच्या बैठकीला परत गेलो आणि एक वही ठेवून आलो: वस्तीत कुणाकडे खोली रिकामी आहे, भाडं किती, कुलूप-संडास वेगळं आहे का. आतापर्यंत सात नोंदी झाल्यात. मागच्या महिन्यात तलाठी म्हणून आलेल्या एका मुलीला दोन दिवसांत खोली मिळाली. ती आपली नव्हती, आदिवासी होती. तिलाही आधी पाच ठिकाणी 'मुलगा दिवाळीला येतोय' ऐकावं लागलं होतं. जूनमध्येच.

आता त्या अर्जाकडे येतो.

४ ऑगस्ट २०१७ ला उच्च न्यायालयाने २००४ चा पदोन्नतीतील आरक्षणाचा शासन निर्णय रद्द ठरवला. ७ मे २०२१ ला सरकारने आरक्षण बाजूला ठेवून सगळी पदोन्नतीची पदं सेवाज्येष्ठतेने भरायचं ठरवलं. या दोन तारखा सिस्टरच्या नवऱ्याला तोंडपाठ आहेत आणि आपल्या सगळ्यांना असायला हव्यात. पण तिसरी एक गळती आहे, ती कुठल्याही शासन निर्णयात सापडणार नाही. आपली बाई ज्येष्ठता यादीत वर येते, वीस वर्षं रात्रपाळ्या करून येते, तिच्या हातात ऑर्डर पडते, आणि घरातले म्हणतात, 'पगारात फरक कितीचा? नाकारून टाक.' ती नाकारते, मागचे पुढे जातात. खुर्ची न्यायालयाने घेतली नाही, सरकारने घेतली नाही, आपल्याच बैठकीच्या खोलीत गेली. याविरुद्ध निवेदन कुणाला द्यायचं?

सिस्टरच्या नवऱ्याला आम्ही वाईट माणूस म्हणत नाही. मुलगी दहावीला, आई अंथरुणाला खिळलेली, तो घाबरला होता. त्याच्या भीतीचं नाव त्याने 'तुझी काळजी' असं ठेवलं, एवढंच. सिस्टर सही न करता निघाल्या तेव्हा तो स्टँडवर सोडायला आला नाही. तीन महिने फोनवर कामापुरतं बोलणं. शनिवारी घरी गेल्यावर ओट्यावर आठवड्याची भांडी. दिवाळीनंतर आईचं अंग पुसणं तो स्वतः करायला लागला, नर्सिंग कसं करतात ते व्हिडिओ कॉलवर विचारून. पोळ्या अजून येत नाहीत. मुलगी दहावी पास झाली. गेल्या १४ एप्रिलला नागपुरातल्या त्यांच्या कार्यक्रमात त्याने पदोन्नतीतील आरक्षणावर भाषण केलं. अर्जाची गोष्ट सांगितली नाही. ती त्याच्याच संघटनेच्या लोकांनी वाचावी म्हणून, त्याला विचारून, आम्ही इथे लिहितो आहोत. विचारलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, 'नाव टाकू नका.'

नाव टाकलेलं नाही. शिक्षिकेचं बदली पोर्टल पुढच्या आठवड्यात उघडतंय. या वेळी पसंतीक्रम भरायला आम्ही तिघी बसणार आहोत, आणि तिच्या नवऱ्याने त्या दिवसासाठी कारखान्यात रजा टाकली आहे. एकत्रीकरणाच्या रकान्यात त्याला जागा नाही, पण लॅपटॉप त्याच्या मित्राचा आहे.

जय भीम.